सलाईन चालू असताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण.)



उभे राहून चारचौघींपुढे बोलण्याची मला सवय नाही. ३१ वर्षे परिचारिकेचे काम केले. त्यातील शेवटची १९ वर्षे कर्करोगाच्या रुग्णांना औषधे देण्यात गेली. त्या कामात बोलावयाचे ते एकेका माणसाशी, खाटेवर वाकून, हळू आवाजात. म्हणून चिटणीसबाई आमंत्रण घेऊन आल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. त्यावर त्या म्हणाल्या, "व्याख्यान नकोच आहे. आपल्या दोघी भगिनींची किमो सुरू आहे आणि आम्ही पाळीपाळीने त्यांच्या सोबतीला जाण्याचे ठरविले आहे. तिथे गेल्यावर काय पाहायचे, काय विचारायचे, तेवढे सांगा." हे काम माझ्या ओळखीचे होते, म्हणून आले.

सोबतीला जाणे म्हणजे डबा नेणे, पिशवी सांभाळणे आणि वेळ जावा म्हणून गप्पा मारणे, अशी आपली समजूत असते. तेही हवेच. डब्याला मी कमी लेखत नाही. परंतु ज्या खोलीत ही औषधे दिली जातात तिथे एक सिस्टर पाच-सहा रुग्णांकडे पाहत असते. डॉक्टर औषध लिहितात, औषध तयार करणारा ते मोजून भरतो, सिस्टर ते लावते. या तिघांच्या हातून निसटलेली चूक दिसलीच तर ती खुर्चीवर बसलेल्या सोबतिणीलाच दिसेल. त्यासाठी तिला वैद्यक येण्याची गरज नाही. डोळे उघडे हवेत आणि तोंडही.

आधी हे औषध काय असते ते थोडक्यात सांगते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारणे हे त्याचे काम. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, पण केसांच्या मुळांतल्या, तोंडातल्या, आतड्यांतल्या आणि हाडांच्या मगजातल्या पेशीही तशाच वाढतात. जुन्या औषधांना आपला आणि परका हा भेद कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणूनच बहुतेक औषधांचे माप रुग्णाची उंची आणि वजन पाहून काढतात. वजन दर खेपेस नव्याने करावे लागते. आपल्या बायका खांद्यावर पर्स, हातात पाण्याची बाटली आणि पायांत चपला अशा काट्यावर उभ्या राहतात! ते सगळे खाली ठेवायला सांगा. आणि दोन महिन्यांत चार-पाच किलो वजन उतरले असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. मात्रा जुन्याच वजनावर काढली गेली नाही ना, हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगते. पुष्कळ वर्षे ती मी कोणाला सांगितली नव्हती.

१९९८ साल असेल. साताऱ्याकडच्या एक बाई उपचाराला येत. वय पंचेचाळिशीच्या आत-बाहेर. आम्ही सगळ्या त्यांना आक्का म्हणत असू. घरी शिवणयंत्र होते आणि ब्लाउज शिवण्यावर दोन मुलींची शिक्षणे चालली होती. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना डॉक्सोरुबिसिन द्यावयाचे होते. हे औषध दिसायला लाल, अगदी रसना सरबतासारखे. रुग्ण त्याला लाल औषध म्हणूनच ओळखतात. ते शिरेत गेले तर औषध. शिरेबाहेर पडले तर मात्र मांस जाळते. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून डावा हात वर्ज्य. उजव्या हाताला चांगली शीर सापडेना. तीनदा टोचून झाले, तेव्हा मी तळहाताच्या मागच्या बाजूची एक बारीक शीर धरली. त्या जागी कातडीखाली मांस थोडे, शिरा-स्नायूंच्या दोऱ्या अगदी वर. असली औषधे तिथे देऊ नयेत हे मला शिकविले होते. पण दुपार झाली होती आणि रांग मोठी होती. त्या काळी आमच्याकडे ते औषध बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने सोडीत. मी ते लावले आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराला उलट्या होत होत्या तिकडे गेले.

परत आले तेव्हा हात फुगला होता आणि कातडी लाल झाली होती. मी विचारले, "आक्का, दुखत नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "आग होत होती सुरवातीपासनं. पण तुम्ही त्या लेकराकडं धावत होता. म्हटलं, औषध जहाल आहे, आग व्हायचीच. उगं कशाला ओरडा?"

पंचवीस मिनिटे त्यांनी ती आग सोसली होती. त्यांची सून शेजारी बसली होती, तिनेही हात पाहिला होता. तिला वाटले, असेच असते.

दुसऱ्या दिवशी हात फारसा वाईट दिसत नव्हता, म्हणून आम्हांला बरे वाटले. इथेच हे औषध फसविते. ते पेशीच्या गाभ्याला चिकटून बसते, ती पेशी मेली की सुटते आणि शेजारच्या पेशीला धरते. जखम दोन आठवड्यांनी उघडली आणि पुढे कित्येक दिवस खोलच जात राहिली. शेवटी मांडीची कातडी काढून लावावी लागली. कर्करोगातून आक्का बऱ्या झाल्या. पण उजव्या हाताची दोन बोटे पुरती मिटेनात, कात्री धरवेना. त्यांनी माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट पुढच्या खेपेस माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. ती चटणी मला घशाखाली घालवली नाही.

चूक माझी होती, त्यात वाटेकरी नाही. परंतु पहिल्या मिनिटाला कोणी हाक मारली असती तर हात वाचला असता, हेही तितकेच खरे. म्हणून तुम्हांला पहिली गोष्ट सांगते ती ही. सलाईन चालू असताना आग, टोचल्यासारखे दुखणे, सूज, लाली, ओलावा, नाहीतर थेंब मंदावणे, यांतले काहीही दिसले की त्याच क्षणी हाक मारा. हाक मारूनही कोणी आले नाही तर उठून जा आणि घेऊन या. सलाईन थांबवून तपासायला दोन मिनिटे लागतात. काही नसले तर ते पुन्हा सुरू होते, कोणाचे काही बिघडत नाही. स्वतः सुई उपसू नका. सिस्टर त्याच सुईतून बाहेर पडलेले औषध शक्य तितके ओढून काढते. हात चोळू नका, हळद-तूप लावू नका. शेकही आपल्या मनाने देऊ नका, कारण लाल औषध सांडले तर थंड शेक द्यावा लागतो आणि व्हिन्क्रिस्टीन नावाचे सांडले तर गरम. उलटे केले तर अपाय वाढतो. डॉक्सोरुबिसिनवर आता डेक्स्राझोक्सेन म्हणून उतारा आहे, तो सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. आक्कांच्या वेळी तो नव्हता. आजही तो सगळीकडे हाताशी असतोच असे नाही.

आता पद्धतीही सुधारल्या आहेत. ज्यांना पुष्कळ वेळा औषध घ्यावयाचे त्यांच्या छातीशी कातडीखाली पोर्ट नावाची लहानशी डबी बसवितात, तिची नळी मोठ्या शिरेत असते. हाताच्या शिरेतून लाल औषध द्यावयाचे झाले तर सिस्टरने शेजारी उभे राहून, मधूनमधून रक्त मागे येते की नाही ते पाहत, सिरिंजने हळूहळू द्यावे अशी रीत आहे. तेव्हा तिच्याशी गप्पा मारू नका. आणि हो, या औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. हे आधी न सांगितल्यामुळे रात्री दोन वाजता घाबरून रुग्णालयात आलेली माणसे मी पाहिली आहेत.

व्हिन्क्रिस्टीनचे नाव निघाले आहे तर त्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण हे औषध आपल्या अंगणातले आहे. सदाफुली! मुळात ही मादागास्करची, पण आता आपल्याकडे कुंपणाकुंपणाला दिसते. १९५२ साली जमैकाहून काही पाने एका पाकिटातून कॅनडातल्या एका डॉक्टरांकडे आली. तिकडे या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांनी तो उंदरांवर पाहिला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. ज्या रोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात त्याला हे लागू पडेल, हे त्यांनी हेरले. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन आणि पाठोपाठ अमेरिकेत त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टीन हाती आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही दिले जाते.

हे ऐकून कोणी सदाफुलीची पाने चावू लागू नये. कित्येक शे किलो पाल्यातून हाती येते ते औषध ग्रॅमांत मोजावे लागते इतके थोडे, आणि रुग्णाला एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपलीकडे देत नाहीत. पानात ते किती आहे हे कोणालाच सांगता यायचे नाही, आणि बाकीचे जे आहे ते विषारी. तीच गोष्ट इतर काढ्यांची आणि पानांच्या रसांची. जे चालू असेल त्याची बाटली डॉक्टरांना दाखवा. लपवून देऊ नका. सासूबाईंनी प्रेमाने दिलेला काढा सून लपविते, कारण डॉक्टर रागावतील. रागावू द्यात.

व्हिन्क्रिस्टीनने मांस जळते हे सांगितलेच. त्याहून मोठा धोका निराळा आहे. रक्ताच्या कर्करोगात काही औषध शिरेतून द्यावयाचे असते आणि काही पाठीच्या कण्यातील पाण्यात, कारण शिरेतले औषध मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. कण्यातून बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. (आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या संशोधकांचे प्रमुख होते, त्यांनी ते तयार केले.) व्हिन्क्रिस्टीन मात्र फक्त शिरेतून. कण्यात गेले तर माणूस बहुधा वाचत नाही. २००१ च्या जानेवारीत इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे १८ वर्षांच्या एका मुलाला ते चुकून कण्यात दिले गेले. मुलाचा आजार आटोक्यात आला होता. सुमारे महिनाभराने तो गेला. तिथे डॉक्टर होते, सोय होती, नियमही लिहिलेले होते. दोन सिरिंजा एका वेळी एका खोलीत आल्या आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या. अशा घटना निरनिराळ्या देशांत घडल्यामुळे २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व रुग्णालयांना सावध केले. हे औषध सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या लहान पिशवीत मिसळून द्यावे, आणि 'फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक' अशा अर्थाची सूचना त्यावर असावी, असे सांगितले. पिशवी कण्याच्या सुईला कोणी जोडावयास जात नाही, एवढीच त्यातली युक्ती. साधी आहे, पण जीव वाचविते.

आपल्यापैकी कोणी लहान मुलाच्या सोबतीला असेल आणि त्याच दिवशी पाठीतले इंजेक्शनही असेल, तर सरळ विचारा, "पाठीत कोणते देणार? आणि व्हिन्क्रिस्टीन कसे देणार?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. आम्ही तर शेवटी शेवटी आयांना तो प्रश्न विचारायला शिकवीत असू.

याच औषधाने बद्धकोष्ठ होते. आपल्या बायका केस गेल्याचे सांगतील, उलटीचे सांगतील, पण पोट साफ होत नाही हे चार दिवस सांगणार नाहीत. डॉक्टर पुरुष असले तर मुळीच नाही. यात आतडे थंडावते आणि पोट फुगून प्रकरण हातघाईवर येते. बोटांना मुंग्या, ब्लाउजचे हूक लावता न येणे, चालताना पाऊल लोंबणे, जबडा दुखणे, हेही सांगावयाचे. पुढची मात्रा त्यावर ठरते.

आता दुकानाकडे वळू. पुष्कळ ठिकाणी औषध नातेवाइकांनी विकत आणून द्यावे लागते. बिल घ्या. नाव, किती मिलिग्रॅम, बॅच नंबर आणि मुदत चिठ्ठीशी ताडून पाहा. सारख्या नावाची औषधे पुष्कळ आहेत, व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन हेच पाहा ना. अक्षर लागत नसेल तर छापील चिठ्ठी मागा. १००-२०० रुपये स्वस्त पडते म्हणून अनोळखी माणसाकडून घेऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत भलतेच भरून विकत होते, आणि त्यांत रुग्णालयात काम करणारी माणसे होती. म्हणून सील पाहा. आणि रिकामी बाटली मागून घरी आणू नका, भंगारवाल्याकडे तर जाऊच देऊ नका. त्या बाटल्यांना रुग्णालयात पिवळी पिशवी असते, तिथेच त्या गेल्या पाहिजेत.

काही औषधे २ ते ८ अंशांत ठेवावयाची असतात. पेशी वाढविण्याचे इंजेक्शन, म्हणजे फिलग्रास्टिम, घरी आणून ठेवतात, तेही यातलेच. दुकानातून थर्मोकोलच्या डब्यात आणा, बर्फ बाटलीला थेट लागू देऊ नका. फ्रिजमध्ये मधल्या फळीवर ठेवा. वर बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि गोठले, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. एका घरी मी ते लोणच्याच्या बरणीमागे पाहिले होते, मुलांनी पाण्याची बाटली काढताना दोनदा पाडलेले. आणि हे इंजेक्शन किमो संपल्यानंतर किमान २४ तास गेल्यावरच द्यावयाचे. लवकर दिले म्हणजे लवकर गुण येईल असे नाही.

घरी आल्यावर दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, कर्करोग शिवून होत नाही. ताट वेगळे नको, अंथरूण वेगळे नको, नातवाला मांडीवर घेऊ द्या. मात्र औषध शरीरातून लघवी, शौच आणि उलटीवाटे बाहेर पडते, म्हणून निदान ४८ तास त्यांना उघड्या हाताने हात लावू नये. हातमोजे घालावेत, काढल्यावर हात साबणाने धुवावेत. संडासात पाणी दोनदा सोडावे, कमोडचे झाकण असेल तर लावून. आपला भारतीय पद्धतीचा असेल तर बादली जोरात न ओतता हळू ओतावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पुरुष रुग्णांनी हे दोन दिवस बसूनच लघवी करावी. त्यांना हे सांगण्याचे काम तुमचे, मी पुष्कळांना सांगून थकले. खराब झालेले कपडे वेगळे आणि दोनदा धुवावेत. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी कोणी असेल तर तिने हे काम करू नये.

दुसरी गोष्ट तापाची. औषध दिल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो साधा ताप नव्हे. घरची तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप उतरेल, जंतू उतरणार नाहीत. रात्र असो, दिवाळी असो, रिक्षा करा आणि निघा. तिथे पहिल्याच माणसाला सांगा, "हिची किमो चालू आहे, अमुक तारखेला घेतली, आता ताप आहे." या वाक्याने रांग मोडते. थर्मामीटर घरात आहे आणि चालतो, एवढे आजच पाहून ठेवा.

शेवटचे सांगायचे ते फाइलचे. लाल औषधाला आयुष्यभराची मर्यादा असते. तिच्यापुढे हृदय दुबळे होण्याची भीती वाढते. आज इथे उपचार झाले, दहा वर्षांनी लेकीकडे नागपूरला असताना पुन्हा गरज पडली, तर तिथल्या डॉक्टरांना पूर्वी एकूण किती दिले हे कळावयास हवे. ते रुग्णाला तोंडी सांगता येत नाही. म्हणून उपचार संपताना औषधांची नावे, एकूण मात्रा आणि तारखा यांचा एक कागद मागून घ्या. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. दुसरी लेकीकडे.

आक्कांच्या फाइलमध्ये तो कागद मीच लिहिला होता. त्यात हाताचे काय झाले तेही लिहिले, माझ्या सहीने. पुढे त्यांच्या धाकट्या मुलीने शिवणयंत्र चालविले. ती आईला सोडायला येई तेव्हा सलाईन लागल्यापासून उतरेपर्यंत हातावरची नजर काढीत नसे, आणि थेंब जरा मंदावला तरी मोठ्याने हाक मारी. आमच्या नव्या मुली तिला वैतागत. मी त्यांना सांगे, ती हाक मारील तेव्हा आधी जा.

चहा आला आहे, असे चिटणीसबाई खुणेने सांगत आहेत. ज्या दोघी भगिनी उपचार घेत आहेत त्यांच्या फाइली पाहावयास मी मागच्या खोलीत बसते. पुढच्या मंगळवारी ज्यांची सोबतीची पाळी आहे त्यांनीही तिथेच यावे, म्हणजे त्यांना औषधांची नावे लिहून देते.